पोराच्या प्रवेशाची पैसेवारी

२०२५ च्या जून महिन्यातली गोष्ट. एका गावात सोयाबीनच्या बियाण्याची उगवण क्षमता घरच्या घरी कशी तपासावी, ते दाखवायला गेलो होतो. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मोजून मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचे आणि आठवड्याने किती उगवले ते मोजायचे. सत्तर उगवले तर बियाणे पेरायला योग्य, कमी उगवले तर एकरी बियाणे वाढवायचे किंवा बदलायचे. कार्यक्रम आटोपला, मंडळी उठली. एक शेतकरी मात्र मागे रेंगाळले. पाच एकरांचे धनी, माणूस कष्टाळू. मला पारावर बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "साहेब, एक विचारू का? रस्त्याकडचं दोन एकर काढावं म्हणतो. पोराचं डॉक्टरकीचं बघायचंय."

विचारपूस केली. मुलाने २०२४ साली नीटची परीक्षा दिली, साडेपाचशेच्या वर गुण पडले. "थोडक्यात हुकलं, एक वर्ष रिपीट केलं की काम फत्ते," असे क्लासच्या लोकांनी सांगितले. शहरात खोली घेऊन वर्षभर ठेवला. आणि २०२५ च्या निकालात गुण पडले पाचशेलाही थोडे कमी. घरात सुतक पडल्यासारखे झाले होते. मुलगा दोन दिवस जेवला नव्हता. बापाला वाटत होते, पोराने शहरात उनाडक्या केल्या. त्यात एका मध्यस्थाने सांगितले होते की आता दोनच वाटा, एक तर तिसरे वर्ष काढा, नाही तर खासगी कॉलेजात पैसे भरा.

मी म्हणालो, "गुण राहू द्या. नंबर किती आला?" ते त्यांना ठाऊक नव्हते. घरी गेलो. ट्रंकेतून निकालाचे दोन्ही कागद काढले. २०२४ चा देशपातळीवरचा नंबर सव्वा लाखाच्या घरात होता. २०२५ चा साठ आणि सत्तर हजारांच्या मध्ये. म्हणजे पोरगं मागे आलं नव्हतं, पुढे गेलं होतं. गुण घटले होते, पण रांगेतली निम्मी माणसे त्याने मागे टाकली होती. आणि घरात कोणी त्याला पाठीवर थाप द्यायच्या ऐवजी तोंड फिरवून बसले होते.

त्या दिवसापासून ठरवले की या विषयावर एकदा सविस्तर लिहायचे. मी काही डॉक्टर नाही, क्लासवाला तर नाहीच. कृषी पदविका झालेला, बांधावर फिरणारा माणूस आहे. पण पिकाचा अंदाज काढणे हे माझे रोजचे काम, आणि प्रवेशाचा अंदाज काढायची रीत त्याहून फार वेगळी नाही.

गुण नव्हे, नंबर

बाजारात आपण क्विंटल मोजतो, पण हातात पैसे भावावर पडतात. प्रवेशाचेही तसेच. गुण म्हणजे क्विंटल आणि नंबर म्हणजे भाव.

२०२४ आणि २०२५ ही दोन वर्षे शेजारी ठेवून पाहा. ५ मे २०२४ च्या नीटचा निकाल ४ जूनला लागला, तेव्हा ७२० पैकी ७२० गुण मिळवणारी ६७ मुले निघाली. वेळ कमी मिळाला म्हणून १,५६३ मुलांना वाढीव गुण दिले होते, ते पुढे रद्द झाले आणि त्यांची २३ जूनला फेरपरीक्षा झाली. पेपरफुटीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २३ जुलैला न्यायालयाने संपूर्ण परीक्षा रद्द करायला नकार दिला. सुधारित निकालात पूर्ण गुणवाले १७ उरले. त्या वर्षी ६५० च्या वर गुण मिळवणारी मुले तीस हजारांहून जास्त होती.

पुढच्या वर्षी, ४ मे २०२५ ला, पेपर अवघड निघाला. देशात पहिला आलेल्या मुलालाच ६८६ गुण होते. ६५० च्या वर गेलेल्या मुलांची संख्या शंभरही भरली नाही. म्हणजे ६५० गुणांचा मुलगा २०२४ ला तीस हजारांच्या मागे उभा होता आणि २०२५ ला तेवढ्याच गुणांवर पहिल्या शंभरात बसला असता.

म्हणून "अमक्याच्या पोराला सहाशेला लागलं, तुझ्याला पाचशेला कसं लागेल" ही पारावरची चर्चा बिनबुडाची आहे. कोणत्या सालचे सहाशे, हे आधी विचारा.

पात्र झाला म्हणजे प्रवेश मिळाला असे नाही

दुसरी फसगत 'पात्र' या शब्दात आहे. २०२५ ला देशभरात सुमारे २२ लाख ९ हजार मुलांनी नीट दिली. त्यांतली सुमारे १२ लाख ३६ हजार पात्र ठरली. खुल्या वर्गासाठी पात्रतेची रेषा होती १४४ गुण आणि इतर मागास, अनुसूचित जाती-जमातींसाठी ११३. आणि देशात एमबीबीएसच्या जागा किती? सरकारी आणि खासगी मिळून सुमारे १ लाख १८ हजार. त्यातल्या साधारण निम्म्याच सरकारी. म्हणजे पात्र ठरलेल्या दहांमागे जागा एक, आणि सरकारी जागा वीस जणांमागे एक.

सरकारी कॉलेजची वर्षाची फी लाख-दीड लाखाच्या आसपास असते. खासगीची त्याच्या कितीतरी पट. 'पोरगं नीट पास झालं' म्हणून पेढे वाटले जातात आणि मग फीचा आकडा ऐकून शेत विकायची भाषा सुरू होते. पेढे अवश्य वाटा, पण पात्रता म्हणजे नुसते बाजार समितीच्या दारात गाडी लावायची परवानगी. माल विकला गेला असे नव्हे.

आयआयटीचेही हेच आहे, फक्त तिथे पर्सेंटाइल हा शब्द लोकांना चकवतो. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. शंभरात किती मुले आपल्या मागे आहेत, तो आकडा. २०२५ ला जेईई मेन देणारी मुले सुमारे पावणेपंधरा लाख होती. ९९ पर्सेंटाइल मिळाले तरी पुढे पावणेपंधरा हजार मुले उभी असतात. मेनमधली पहिली अडीच लाख मुले अॅडव्हान्स्डला बसू शकतात. २०२५ ला प्रत्यक्ष बसली १ लाख ८० हजार, पात्र झाली ५४ हजार आणि सगळ्या आयआयटींत मिळून जागा १८ हजारांच्या थोड्या वर. मुंबई आयआयटीची संगणक शाखा खुल्या वर्गात पहिल्या सत्तरच्या आतच भरून जाते. शिवाय अॅडव्हान्स्ड लागोपाठच्या दोन वर्षांतच देता येते आणि तिचा पेपर मराठीत नसतो, इंग्रजी किंवा हिंदीत असतो. नीट आणि जेईई मेन मात्र मराठीतून देता येते.

आपली रांग कोणती?

बावीस लाखांचा आकडा ऐकून घाबरायचे कारण नाही. तालुक्याचा सरासरी पाऊस आपल्या शिवारात किती पडला, ते सांगत नाही. तसेच बावीस लाखांच्या रांगेत आपण एकटे उभे नसतो. आपली रांग वेगळी आणि लहान असते.

सरकारी वैद्यकीय कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात आणि ८५ टक्के राज्याच्या कोट्यातून. महाराष्ट्राच्या कोट्याचे प्रवेश मुंबईचा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे लोक ज्याला सीईटी सेल म्हणतात, तो करतो. त्यात पुन्हा खुला, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती, भटक्या जमाती, इतर मागासवर्ग, २०२४ च्या कायद्याने आलेला एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटक अशा रांगा आहेत. आपल्या मुलाची स्पर्धा त्या रांगेतल्या मुलांशी आहे. राखीव वर्गातल्या मुलाचा नंबर चांगला असेल तर तो खुल्या जागेवरही लागतो, हेही ध्यानात ठेवा.

दोन जुन्या समजुती सोडायला हव्यात. एक, ७०:३० चा प्रादेशिक कोटा. विभागातल्या मुलांना ७० टक्के आणि बाहेरच्यांना ३० टक्के जागा, हे सूत्र सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने रद्द केले. मराठवाडा-विदर्भात कॉलेजे कमी असल्याने तिथल्या मुलांवर अन्याय होत होता. आता सबंध राज्याची एकच यादी लागते. त्यामुळे २०२० च्या आधीचे आकडे काढून हिशेब करू नका. दोन, जागा तेवढ्याच राहतात असे नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकदम दहा नवी सरकारी वैद्यकीय कॉलेजे सुरू झाली. जालना, हिंगोली, बुलढाणा, वाशीम, अमरावती, भंडारा, गडचिरोली, नाशिक, अंबरनाथ आणि मुंबई. एका वर्षात ९०० जागा वाढल्या. जागा वाढल्या की शेवटचा नंबर थोडा खाली सरकतो.

आणि एक मोठा धोका. राज्य कोट्यासाठी महाराष्ट्राचा अधिवास तर लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. त्याला अपवाद आहेत, पण सर्वसाधारण शेतकरी त्यात बसत नाही. कोणी मुलाला कोटाला पाठवून बारावीचा प्रवेशही तिकडच्याच शाळेत दाखवला, तर इथली ८५ टक्क्यांची रांग हातची गेली. क्लास कुठेही लावा, पण बारावीचा फॉर्म कुठल्या राज्यातून भरला जातोय, ते स्वतः पाहा.

तीन पैसेवाऱ्या

महसूल खाते पिकाची पैसेवारी तीनदा काढते. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. घरातही तशाच तीन काढाव्यात आणि प्रत्येकीनंतर पैशाचा निर्णय नव्याने घ्यावा. शंभरपैकी पन्नास पैशांच्या वर आहोत की खाली, एवढे कळले तरी पुष्कळ.

पहिली, नजरअंदाज. दहावीनंतर, क्लासची फी भरायच्या आधी. दहावीचे टक्के पाहून भुलू नका. आपल्या बोर्डात उत्तम पाच विषयांची बेरीज धरतात, प्रत्येक विषयात वीस गुण अंतर्गत असतात, वर कला-क्रीडेचे गुण मिळतात. ९४ टक्क्यांत गणित आणि विज्ञानाचे लेखी गुण किती, ते पाहा. अकरावीचे एनसीईआरटीचे जीवशास्त्राचे एक प्रकरण आणि भौतिकशास्त्राचे एक प्रकरण मुलासमोर ठेवा. सुट्टीत पंधरा दिवस आपणहून घेऊन बसतो का, ते बघा. आणि त्याला विचारा, डॉक्टर कोणाला व्हायचंय? त्याला की तुम्हाला? हे गोणपाटावरचे शंभर दाणे आहेत. खर्च काही नाही, पण पुढचे लाख-दोन लाख वाचतात किंवा सार्थकी लागतात.

दुसरी, सुधारित. बारावीच्या दिवाळीनंतर, अभ्यासक्रम बराचसा झाल्यावर. इथे क्लासच्या चाचणीतले सर्वांत चांगले गुण धरू नका. पीक कापणी प्रयोगात आपण शेतातला उत्तम कोपरा निवडत नाही. नशिबाने जो प्लॉट निघेल त्यातच कापणी करतो, म्हणून तो आकडा खरा असतो. तसेच करा. मुलाने आधी सोडवलेली नाही अशी मागच्या वर्षीची मूळ नीटची प्रश्नपत्रिका घ्या. रविवारी दुपारी, घड्याळ लावून, तीन तासांत सोडवायला सांगा. १८० प्रश्न, बरोबरला चार, चुकीला उणे एक. तपासून गुण काढा. मग सीईटी सेलने त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या निवड याद्या काढा. त्यांत प्रत्येक प्रवेशाचा देशपातळीवरचा नंबर, वर्ग आणि कॉलेज दिलेले असते. त्या सालच्या गुणांना त्या साली कोणता नंबर पडला, ते पाहा. २०२५ चा पेपर २०२५ च्या नंबराशी जुळवा, २०२४ चा २०२४ च्या. दोन वर्षांची सरमिसळ केली की हिशेब चुकलाच. असे तीन पेपर सोडवून सर्वांत चांगला बाजूला ठेवा आणि उरलेल्या दोनांवर अंदाज बांधा.

आता आपल्या वर्गात सरकारी जागा शेवटी कोणत्या नंबरावर बंद झाली, ते यादीत शोधा. दोन्ही पेपरांत मुलाचा नंबर त्याच्या बराच अलीकडे असेल तर पैसेवारी पाऊणशेच्या वर धरा. एकात अलीकडे, एकात पलीकडे, तर पन्नासच्या आसपास. दोन्हींत पलीकडे पण फार लांब नाही, तर पंचवीस-तीस. दुप्पट-तिप्पट लांब असेल तर दहाच्या खाली, आणि हे तोंडावर मान्य करायची हिंमत ठेवा. हा माझा ठोकताळा आहे, शास्त्र नव्हे. पण ऐकीव गोष्टींपेक्षा बरा.

तिसरी, अंतिम. निकालानंतर. इथे अंदाज संपतो आणि यादी बोलते. आपला नंबर, आपला वर्ग, गेल्या वर्षीचा शेवटचा नंबर आणि यंदा वाढलेल्या जागा. एवढे चार आकडे कागदावर मांडा. मध्यस्थाची गरज नाही.

फलकावरचे फोटो

जिल्ह्याच्या ठिकाणी एसटी स्टँडवर उतरलात की मोठमोठे फलक दिसतात. पन्नास-शंभर मुलांचे फोटो, खाली गुण. बियाण्याच्या कंपनीनेही फलकावर एकरी विक्रमी उतारा छापलेला असतो. आपण लगेच विचारतो, "किती जणांनी पेरलं? इतरांना किती आलं?" हाच प्रश्न क्लासला विचारत नाही.

फी भरण्याआधी चार गोष्टी विचारा. गेल्या वर्षी एकूण किती मुले होती? त्यांतली सरकारी कॉलेजात किती गेली? त्यांतली पहिल्याच वर्षी किती आणि रिपीटर किती? फोटोतला मुलगा दोन वर्षे वर्गात बसला होता की नुसती चाचणी मालिका लावली होती? लेखी उत्तर मिळत नसेल तर समजून घ्या.

आता कायदाही थोडा आपल्या बाजूने आहे. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या मुलाला प्रवेश देऊ नये, नंबराची हमी देऊ नये, मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाची फी परत द्यावी, असे त्यात आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या जाहिरातींवर निर्बंध आणले. यशस्वी मुलाने नेमका कोणता कोर्स केला, हे लपवता येत नाही. म्हणून फी हप्त्याने भरा आणि प्रत्येक पावती जपा.

रिपीट करायचे की थांबायचे?

नीट कितीही वेळा देता येते. हीच सोय आणि हाच सापळा. एक वर्ष जादा देणे चुकीचे नाही. वरच्या गोष्टीतल्या मुलाने त्या वर्षात खरोखर प्रगती केली. पण रिपीटचा निर्णय 'थोडक्यात हुकलं' या एका वाक्यावर घेऊ नका. किती नंबरांनी हुकले, ते मोजा. शेवटचा नंबर थोडाच दूर असेल आणि मुलाची तयारी असेल तर जरूर एक वर्ष द्या. नंबर दुप्पट लांब असेल तर दुसरी वाट आधी पक्की करा. दोन वर्षांत नंबर हलला नाही तर तिसरे वर्ष म्हणजे खडकावर बोअर आणखी शंभर फूट खाली नेण्यासारखे आहे. पैसा जातो आणि आशाही.

आणि पैशाहून मोठे काही आहे. २०२३ या एका वर्षात कोटा शहरात वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी जीव दिला. ती सगळी कुठल्या ना कुठल्या घरची, आपल्यासारख्याच आई-बापांची मुले. "तुझ्यासाठी दोन एकर विकलं" हे वाक्य सतरा वर्षांच्या मुलाच्या उरावर दगडासारखे बसते. त्याला ते सांगू नका. त्यापेक्षा विकायची वेळच येणार नाही असा हिशेब आधी करा. मुलगा जेवेनासा झाला, झोपेनासा झाला, फोन उचलेनासा झाला तर रविवारची वाट पाहू नका, मिळेल त्या गाडीने जाऊन भेटा.

कागदासाठी जागा घालवू नका

नंबर असून कागदाअभावी जागा गेली, ही उदाहरणे गावोगावी आहेत. म्हणून हे तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी), ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) आणि सरपंच मंडळींनीही वाचावे. मुलगा अकरावीत गेला की त्याच वर्षी जातीचा दाखला आणि जात पडताळणीचा अर्ज. पडताळणीला महिने लागतात. कधी सरकार मुदत वाढवून देते, पण त्यावर विसंबून राहू नका. त्याशिवाय अधिवास, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर.

नॉन-क्रिमीलेअरची मर्यादा आठ लाखांची आहे, पण त्यात शेतीचे आणि पगाराचे उत्पन्न धरत नाहीत. हे ठाऊक नसल्याने पुष्कळ शेतकरी अर्जच करत नाहीत. अखिल भारतीय कोटा किंवा आयआयटीसाठी केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला लागतो. तो त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचा असावा लागतो. राज्याच्या यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असे नाही. कुणबी दोन्हींकडे आहे, एसईबीसी हा वर्ग फक्त राज्यात आहे. केंद्राच्या आर्थिक दुर्बल दाखल्याला शेतीचे उत्पन्न धरतात आणि पाच एकर किंवा त्याहून जास्त जमीन असलेले कुटुंब त्यात बसत नाही. सात-बारा आणि वाटणीची नोंद वेळेवर नीट करून घ्या, ती याच कामी येते.

बारावीचा बोर्डही सोडू नका. नीटवाल्याला भौतिक, रसायन, जीवशास्त्रात मिळून खुल्या वर्गात ५० टक्के आणि राखीव वर्गात ४० टक्के लागतातच. आयआयटीला खुल्या वर्गात साधारण ७५ टक्के लागतात.

पसंतीक्रम भरताना 'जिथं लागेल ते वर टाकू' असे करू नका. यादी नंबराप्रमाणे लागते आणि तुमची वरची पसंती आधी तपासली जाते. वर चांगले कॉलेज टाकल्याने खालचे जात नाही. मात्र यादी लांब भरा. एमबीबीएसच्या खाली बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी, नर्सिंग, पशुवैद्यक या वाटा आहेत. त्यांतल्या काहींचे फॉर्म वेगळे निघतात, ते वेळेत भरा. आपल्या चार कृषी विद्यापीठांच्या कॉलेजांसाठी सीईटी वेगळी द्यावी लागते. नीटच्या नादात तो फॉर्म राहून जातो आणि शेतकऱ्याच्या पोराला शेतीच्याच कॉलेजचे दार बंद होते, याची मला स्वतःला फार हळहळ वाटते.

पैशाचीही सोय पाहा. अल्पभूधारकांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आतल्या इतर मागास, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी पूर्ण माफ आहे. तेव्हा पोराला शहरात आणि पोरीला गावातल्या कॉलेजात, हा हिशेब आता पैशाच्या दृष्टीनेही चुकीचा आहे.

शेवटी

त्या शेतकऱ्याच्या घरी आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. एमबीबीएसची पैसेवारी काढली, ती तीस-पस्तीसच्या वर जाईना. सरकारी आयुर्वेदची मात्र चांगली निघाली. मुलगा आधी गप्प होता. नंबर निम्म्याने सुधारलाय हे बापाने त्याच्यासमोर तिसऱ्यांदा म्हटले, तेव्हा तो उठून आत गेला आणि ताट घेऊन बाहेर आला. यादी लांब भरली. एमबीबीएसची यादी त्याच्या थोडी वर बंद झाली. सरकारी आयुर्वेद कॉलेजात त्याला जागा मिळाली आणि आता तो तिथे शिकतो आहे. डॉक्टरकी त्याने सोडली नाही, आणि बापाने जमीन.

रस्त्याकडच्या त्या दोन एकरांत त्यांनी त्या खरिपात सोयाबीनच पेरले. पेरणीच्या आधी गोणपाटावर शंभर दाणे मात्र मोजून ठेवले होते. बंधू-भगिनींनो, बियाण्याची एक पिशवी आपण तपासल्याशिवाय जमिनीत टाकत नाही. मग लेकराची उमेदीची वर्षे आणि बापजाद्यांची जमीन न मोजता कशी टाकायची? निकाल लागला की आधी नंबर विचारा. आणि तोही विचारण्याआधी पोरगं जेवलं का, ते विचारा.